गिरणीवरचा दवाखाना

बिबवेवाडीतल्या एका गल्लीत काही वर्षं लोक भुकेपेक्षा फार जास्त दळण दळून घेत होते. थंडीत बाजरी एक वेळ समजण्यासारखी, पण तिथे वैशाखातही बाजरी दळली जाई. दिवाळीला लागतं त्याच्या तिप्पट बेसन आषाढातच तयार असे. मग ते पीठ खपत नाही म्हणून धुणंभांडीवालीला, वॉचमनला आणि नाइलाज झाला की नणंदेलाही दिलं जाई. गल्लीतल्या माणसांची भूक वाढली होती असं अजिबात नव्हे. बापूराव हरपळ्यांच्या गिरणीच्या माथ्यावर दीपमाला गजभिये नावाची मानसशास्त्रज्ञ बसत होती, आणि तिच्याकडे जाताना हातात डबा असला की कुणी काही विचारत नसे. सगळा प्रकार एवढाच होता.

दीपमालाचे वडील महिपती गजभिये भंडाऱ्याकडून खडकीच्या कारखान्यात नोकरीला आले आणि तिथेच राहिले. घरात बाबासाहेबांची तसबीर, तिच्याखाली अभ्यासाचं टेबल, आणि टेबलावर पोरीने कलेक्टर व्हावं हा वडिलांचा हुकूम. पोरगी शिकली, पण भलतंच शिकली, असं महिपतरावांचं मत शेवटपर्यंत कायम होतं. बंगळूरला जाऊन तिने क्लिनिकल सायकॉलॉजी केलं, त्यातही मुलं आणि त्यांची घरं हा विषय घेतला. हे नातेवाइकांना समजावून सांगणं महिपतरावांच्या आवाक्याबाहेरचं होतं. त्यांनी सरळ "पोरगी डॉक्टर झाली" असं सांगून टाकलं. मग भंडाऱ्याहून पाहुणे येऊ लागले आणि तिच्यापुढे गुडघे उघडे करून बसू लागले.

"बाबा, मी गुडघ्यांची डॉक्टर नाही."

"मंग कशाची हायेस ते एकदा सांगून दे ना बाप्पा. मी साऱ्यांना डॉक्टर सांगून राहिलो अन् तू लोकायले परत पाठवून राहिली."

काही वर्षं एका इस्पितळात नोकरी करून तिला कंटाळा आला. तिथे मूल यायचं तेव्हा घर पार विस्कटून गेलेलं असायचं. त्याच्या आधी गाठायचं तर वस्तीत बसलं पाहिजे, असं तिच्या डोक्याने घेतलं. ते साल चौऱ्याण्णव असावं. पुण्यात तेव्हा प्रत्येक जिन्याखाली कॉम्प्युटर क्लास निघाला होता आणि पोरगं बोलायला लागायच्या आधी त्याला अमेरिकेला धाडायचे बेत ठरत होते. अशा शहरात आपल्याला काम कमी पडणार नाही, हा तिचा हिशेब बरोबर होता. जागा मिळणं तेवढं अवघड होतं. पहिल्या तीन मालकांनी खोली दाखवली, चहा पाजला, मग पूर्ण नाव विचारलं. आडनाव ऐकल्यावर तिघांनाही एकदम आठवलं की खोली भाच्याला द्यायची आहे. पुण्यात एवढे भाचे एकाच आठवड्यात खोली शोधत असतील, हे तिला नवीन होतं. तिला राग आला आणि तो बरेच दिवस गेला नाही.

चौथे बापूराव. मूळचे हडपसरचे, जमिनीचे वाटे झाल्यावर इकडे येऊन गिरणी टाकलेले. त्यांनी नाव विचारलंच नाही.

"पीठ उडतं बरं का, बाई. आवाजबी हाय. जिना गिरणीतनंच हाय, दुसरी वाट न्हाई. चालंल का?"

चाललं. तिने वर खोली लावली, लहान खुर्च्या आणल्या, मातीच्या बाहुल्या मांडल्या आणि खाली 'बाल व कुटुंब मानसशास्त्रज्ञ' अशी पाटी टांगली. पाटीचा परिणाम ताबडतोब दिसला. लोक ती वाचायचे आणि रस्ता ओलांडून पलीकडच्या बाजूने जायचे. दोन महिने तिने माशा मारल्या. त्याही पिठाने पांढऱ्या झालेल्या होत्या.

मग एक बाई आली. मांडीवर पत्र्याचा डबा घेऊन बसली आणि मुलाबद्दल बोलली. तिच्या मागोमाग दुसरी आली, तिच्याही मांडीवर डबा. तिसरीच्या मांडीवर डबा, आणि मूल मात्र शेजारच्या खुर्चीवर. दीपमाला नवी होती, हुशार होती आणि तिला प्रत्येक गोष्टीत अर्थ दिसत होता. अपराधी वाटणारी आई जड वस्तू कवटाळून बसते, असा सिद्धांत तिने मनाशी मांडला. गुरुवारी कुणीच फिरकत नाही, तेव्हा गुरुवारचा उपास आणि मनातलं बोलणं यांचाही काही संबंध असावा असं तिला वाटू लागलं. यावर एका परिषदेत निबंध वाचायचा असं तिने जवळजवळ ठरवलं होतं.

एक दिवस बापूरावांनी तिला जिन्यात अडवलं.

"मॅडम, एक सांगू का? तुमच्या मान्सांना म्हणावं, डबा खालीच ठेवत जा. वर नेल्यालं धान्य मी दळणार कसं? दळण न टाकता परत जात्यात, लोकान्ला संशय येतो."

"दळण?"

"मग? दळणाच्या निमित्तानंच येत्यात की समदी. अन् गुरुवारी लायटीची सुट्टी, गिरणी बंद. निमित्त न्हाई म्हनल्यावर कोन येतंय?"

निबंध तिथेच बारगळला. दीपमाला वर जाऊन एकटीच बराच वेळ हसली. मग तिला जरा रडूही आलं, कारण तिच्याकडे यायला लोकांना गव्हाची आड लागत होती.

बापूरावांनी मात्र पुढे कारभार चोख बसवला. वर जाणारं माणूस ते चालीवरून ओळखत. त्याचा डबा रांगेच्या शेवटी सरकवून ते मोठ्याने म्हणत, "येळ लागंल, बसा वर." माणूस बसायला वर जाई, आणि ते खाली आलं की दळण तयार असे. कुणाचं काय बिघडलंय हे त्यांनी कधी विचारलं नाही. एका गडबडलेल्या बाईने एकदा घरातलं दळलेलंच पीठ डब्यात भरून आणलं. बापूरावांनी झाकण उघडून पाहिलं, तिच्या तोंडाकडे पाहिलं, आणि पीठच पुन्हा दळून दिलं. म्हणाले, "जरा जाडच झालं हुतं."

याच जिन्याने एक दिवस कांताबाई आल्या. मार्केट यार्डातले कांदा-बटाट्याचे आडते सीतारामशेठ यांच्या या पत्नी. गल्लीत त्यांचा दरारा होता. दहा वर्षांचा नातू चेतन अंथरूण ओलं करू लागला होता. सगळ्यांना त्यांनी सांगितलं होतं की चेतनला गणिताची शिकवणी लावली आहे. दीपमालाने दोन वेळा ऐकून घेतलं आणि मग आपला नियम सांगितला, की घरातले सगळे आल्याशिवाय तिचं काम होत नाही.

"सगळे म्हणजे हेसुद्धा?" कांताबाईंनी विचारलं.

"हे तर आधी."

आले. आयुष्यभर ज्यांनी पोत्यांच्या थप्पीशिवाय काही पाहिलं नव्हतं, ते सीतारामशेठ धोतर सावरत, पाच किलोचा डबा छातीशी धरून गिरणीत उभे राहिले. बापूरावांनी सवयीने विचारलं, "जाड का बारीक?" शेठही सवयीनेच म्हणाले, "आधी भाव काय फुटला ते कळू दे."

त्यांचा मुलगा श्याम आडत सोडून कॉम्प्युटरच्या धंद्यात जायचं म्हणत होता. बापलेकांत रोज जेवताना वाजत होतं आणि मध्ये बसून चेतन जेवत होता. वर आल्यावर दोघे एकमेकांकडे बघेनात. दीपमालाने चेतनला सांगितलं, तुला हवं तिथे सगळ्यांना बसव. चेतनने विचार केला आणि आजोबांना बालवाडीच्या खुर्चीत बसवलं. गुडघे हनुवटीला लागल्यावर शेठचा आवाज आपोआप लहान झाला. त्या आवाजात ते पहिल्यांदा म्हणाले, की पोरगा गेला तर गाळ्यावर आपण एकटे पडू, याची भीती वाटते. श्यामला हे माहीतच नव्हतं. आडतीची भांडणं एका बैठकीत मिटत नाहीत, पण जेवणाच्या ताटावरून ती उठली. हळूहळू चेतनची गादी कोरडी राहू लागली.

तरीही कांताबाई बाजरी घेऊन येतच राहिल्या.

"आता चेतन ठीक आहे की," दीपमाला म्हणाली.

"त्याचं झालं. माझं कुठे झालंय?" कांताबाई म्हणाल्या. "घरात मला सगळे विचारतात, आज काय करायचं जेवायला. दुसरं काही कुणी विचारत नाही. तुम्ही विचारता."

एकच गोष्ट त्यांना घाबरवत असे, आणि ती म्हणजे त्यांची विहीण बायडाबाई. कांताबाईंची लेक बायडाबाईंच्या घरी दिली होती. बायडाबाई दोन गल्ल्या पलीकडे राहत आणि कधी कधी खरोखरच्या दळणाला येत. त्यांच्या कानावर सकाळी पडलेली गोष्ट दुपारच्या आत मार्केट यार्डातल्या हमालांना माहीत असे. त्या रांगेत दिसल्या की कांताबाई जिन्याकडे बघतसुद्धा नसत. निमूट दळण घेत आणि घरी जात. व्याह्यांनी आपल्याला डोक्याने अधू समजावं, यापेक्षा आयुष्यभर बाजरी खाल्लेली त्यांना पत्करली असती.

अशी दहा वर्षं गेली. बापूरावांचा मुलगा संतोष इंजिनिअर झाला आणि हडपसरला आयटी पार्कात नोकरीला लागला. ज्या शेतात बापूरावांनी लहानपणी ऊस चोरून खाल्ला होता, तिथेच आता त्याची काचेची इमारत उभी होती. सून राजनंदिनी बँकेत होती. नात पूर्वा मोठ्या शिशुवर्गात गेली, आणि आजवर सगळ्यांच्या अब्रूवर झाकण ठेवणाऱ्या बापूरावांच्या घरातच प्रश्न उभा राहिला.

पूर्वा शाळेत बोलत नव्हती. घरी तोंडाला खळ नाही, शाळेच्या फाटकाशी गेली की ओठ शिवलेले. दोन वर्षांत तिने वर्गात एक शब्द काढला नव्हता. सू लागली तरी सांगत नसे. आता शाळेने कळवलं होतं की जूनपूर्वी मुलगी निदान तिच्या मिसशी तोंडाने बोलली पाहिजे. नाहीतर तिला पहिलीत घेणार नाही, पालकांनी मतिमंद मुलांची शाळा बघावी. हे कळल्यापासून राजनंदिनीला झोप नव्हती. संतोषला होती.

"शी इज जस्ट अ क्वाएट किड, यार," तो म्हणायचा. "माझ्या टीममध्ये अर्धे लोक बोलत नाहीत. त्यांना दर वर्षी प्रमोशन मिळतं."

बापूराव जिन्याच्या पहिल्या पायरीपर्यंत कितीदा तरी गेले आणि परत फिरले. बाकीच्यांना गिरणीची आड होती. गिरणीवाल्याने कशाच्या आडून जायचं? स्वतःच्याच गिरणीत डबा घेऊन रांगेत उभं राहणं शहाणपणाचं दिसलं नसतं. रांगेतल्या प्रत्येक बाईला ते ओळखत होते, म्हणजे प्रत्येक बाई त्यांना ओळखत होती. शेवटी एका गुरुवारी, गिरणी बंद आणि गल्ली सुस्त असताना, ते वर आले. बालवाडीच्या खुर्चीत आपणहून बसले आणि सगळं सांगून डोळे पुसू लागले.

दीपमालाला त्या माणसाबद्दल इतकी माया वाटली, की धंद्याचे सगळे नियम गुंडाळून लगेच हो म्हणावं असं झालं. पण तिने आईबापांना बोलावलं. राजनंदिनी एका पायावर तयार झाली. संतोषने फोनवर विचारलं, "मॅडम, टाइमलाइन काय असेल? डिलिव्हरी कधी धरायची?"

"नऊ महिन्यांत होते ती वेगळी डिलिव्हरी," दीपमाला म्हणाली. "ही कधी होईल सांगता येत नाही."

मग त्याने परवानगी दिली, पण एक अट घातली. आपली मुलगी त्या जिन्यावर पाय ठेवणार नाही. खाली काय करायचं ते करा.

आता आली का पंचाईत. पण दीपमालाने एक गोष्ट पाहिली होती. शाळा सुटल्यावर पूर्वा गिरणीत पोत्यावर बसायची, आणि चक्की चालू असली की तिचे ओठ हलायचे. एकदा दीपमाला मुद्दाम जवळून गेली. पोरगी चक्क बोलत होती, तेही रांगेतल्या बायकांच्या तोंडाकडे बघून, भर आवाजात. चक्कीच्या घरघरीत तिचं बोलणं कुणाला ऐकू जात नव्हतं, म्हणून तिला भीती नव्हती. बापूरावांनी चक्की थांबवली की तीही थांबायची. जगात सगळे गव्हाच्या आडून दवाखान्यात येत होते आणि ही एवढीशी पोर आवाजाच्या आडून बोलत होती.

दुसऱ्या दिवशी दीपमाला हातात डबा घेऊन वरून खाली आली आणि रांगेत उभी राहिली. बायका चपापल्या. आपल्यातली कोण कुणाकडे आली आहे, हा हिशेब कुणालाच लागेना.

"मॅडम, तुम्ही खाली?" एकीने विचारलं.

"त्यांच्याबी घरी पोळ्या होत्यात," बापूराव म्हणाले.

ती पूर्वाशेजारी पोत्यावर बसली. काही विचारलं नाही. नुसती चक्कीच्या आवाजात आपली आपण बोलत राहिली, की हे पीठ किती गरम आहे, या बाईंचा डबा माझ्यापेक्षा चांगला आहे. बऱ्याच दिवसांनी पूर्वा तिच्या कानाशी ओरडली, "तुमच्या गव्हात खडे आहेत." दीपमालाने उसळून आलेला आनंद गिळला आणि "असतील बाई" एवढंच म्हणाली. अशा मुलांचं हेच कठीण असतं. बोलल्यावर कुणी हसलं, रागावलं, अगदी "शाब्बास" म्हणून टाळ्या पिटल्या, तरी ती बिचकून पुन्हा मिटतात. पहिल्यापेक्षा घट्ट मिटतात. हे तिने बापूरावांना दहादा समजावलं होतं.

मग तिने शाळेतल्या मिसला गाठलं. मिस तरुण होती आणि तिला वाईट वाटत होतं. शाळा सुटल्यावर तीही ज्वारीचा डबा घेऊन येऊ लागली. आधी लांब उभी राहिली, मग पोत्यावर बसली. पूर्वा पहिल्यांदा दगड झाली. पण दोन चक्क्यांची घरघर, पिठाचा धुरळा आणि आजोबा समोर. एका दुपारी ती दीपमालाशी बोलता बोलता मिसशीही बोलून गेली. मिसचे डोळे भरले आणि तिने शहाण्यासारखं ज्वारीत तोंड खुपसलं. पुढे दीपमालाने एक चक्की बंद ठेवायला लावली. आवाज निम्मा झाला, पूर्वा बोलत राहिली. पुढची पायरी म्हणजे दुसरी चक्कीही थांबवायची. ती एखाद्या निवांत दुपारी, गिऱ्हाईक नसताना, फक्त मिससमोर थांबवायची असं ठरलं.

पण मे महिना संपत आला होता. शाळेतून पुन्हा विचारणा झाली होती, आणि बापूराव माणूस होते.

रविवार सकाळ. गिरणी भरलेली. रांगेत सगळ्यात पुढे कांताबाई, बाजरी घेऊन. तेवढ्यात मागून बायडाबाई आल्या आणि कांताबाईंच्या पाठीशीच उभ्या राहिल्या. कांताबाईंनी जिन्याकडची नजर काढून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे वळवली. पोत्यावर एका बाजूला मिस, एका बाजूला दीपमाला आणि मध्ये पूर्वा. सुट्टीच्या दिवशी गर्दी बघून पोरगी रंगात आली होती. एकच चक्की चालू होती आणि ती घसा फोडून दोघींना रांगेतल्या प्रत्येकीची माहिती पुरवत होती. दीपमाला ऐकत होती. सहज तिची नजर बापूरावांवर गेली. त्यांचा हात बटणावर होता.

ती मान हलवून "नको, नको" म्हणेपर्यंत त्यांनी बटण खाली केलं.

चक्की घुमत घुमत मंदावली आणि थांबली. पूर्वाचा आवाज थांबला नाही. वाक्य अर्ध्यावर होतं, ते तसंच पुढे आलं आणि भरल्या गिरणीत लख्ख ऐकू गेलं.

"आणि ह्या कांताआजी दळणाला येतच नाहीत. त्या वर मॅडमकडे जायला येतात. डबा नुसता आणतात. सगळ्याच नुसता आणतात."

काही जणींनी आपापल्या डब्यांकडे असं पाहिलं, की जणू ते आत्ताच कुणीतरी हातात दिले. बायडाबाईंच्या भुवया वर गेल्या आणि तिथेच राहिल्या. आणि पूर्वाला कळलं की आवाज नाही. तिने तोंडावर हात ठेवला. डोळे मोठे झाले.

आता एक जण जरी फिसकन हसली, एकीने जरी "काय ही कार्टी" म्हटलं, तर हे ओठ पुन्हा कधी उघडतील सांगता येणार नव्हतं. शेजारी मिसने कौतुकाने तोंड उघडलं, तसा दीपमालाने तिचा पाय दाबला. बापूराव बटणाशी पांढरेफटक उभे होते आणि ते पीठ नव्हतं. आणि रांगेच्या तोंडाशी कांताबाई होत्या. त्यांचा दरारा, त्यांची गणिताची शिकवणी, सगळं त्या पोरीने चारचौघांत उघडं पाडलं होतं. त्या रागावल्या असत्या तर कुणी त्यांना दोष दिला नसता.

कांताबाईंनी एकदा मागे वळून विहिणीकडे पाहिलं. मग पुन्हा पूर्वाकडे पाहिलं. तोंडावर घट्ट दाबलेला तो लहानसा हात त्यांनी बराच वेळ बघितला. लाजेने मुलांचं काय होतं, हे त्यांच्या घरात त्यांनी पाहिलं होतं. त्यांनी डबा खाली ठेवला आणि भाजीचा भाव विचारावा तशा साध्या आवाजात म्हणाल्या, "बरोबर आहे. वरच निघालेय मी. आधी नातवासाठी जात होते, आता माझ्यासाठी जाते. पण बाजरी खरीच आहे हं. तिला किती वेळ लागेल गं?"

पूर्वाचा हात हळूहळू खाली आला. तिने बंद चक्कीकडे पाहिलं, आजोबांकडे पाहिलं. ओठ हलले, पण आवाज आला नाही. कांताबाई गुडघ्यावर हात ठेवून थांबून राहिल्या, जणू त्यांना दिवसभर दुसरं काही काम नव्हतं.

"बाजरी शेवटी लावतात," पूर्वा म्हणाली. आवाज बारीक होता, पण होता. "आधी सगळ्यांचा गहू. नाहीतर गव्हाचं पीठ कडू लागतं."

"बरं," कांताबाई म्हणाल्या. "मग मी जाऊन येते." आणि डबा तिथेच ठेवून, पदर सारखा करून, सगळ्यांच्या देखत त्या रिकाम्या हातांनी जिना चढू लागल्या.

"आणि माझी ज्वारी?" मिसने शक्य तितक्या कोरड्या आवाजात विचारलं.

पूर्वाने तिच्याकडे वळून पाहिलं.

"तुमची बाजरीच्या आधी, मिस."

मिसने मान डोलावली आणि घाईने रस्त्याकडे तोंड फिरवलं. बापूराव तर भिंतीकडेच वळले होते आणि त्यांचे खांदे हलत होते. दीपमालाला त्यांच्या कानाखाली आवाज काढावासा वाटत होता आणि त्यांचे पायही धरावेसे वाटत होते. यातलं काहीच न करता ती पोत्यावर नुसती बसून राहिली, कारण पूर्वाचं अजून संपलेलं नव्हतं. ती पोत्यावरून उतरली, रांगेत आता सगळ्यांत पुढे आलेल्या बायडाबाईंसमोर उभी राहिली आणि मान वर करून तिने विचारलं, "तुमचं दळण आहे, का वर जायचंय?"

मार्केट यार्डापर्यंत बातमी पोचवणाऱ्या बायडाबाईंनी जिन्याकडे पाहिलं. आपल्या सुनेची आई वरच्या पायरीवर पोचली होती. मग त्यांनी डाव्या-उजव्या बाजूच्या बायकांकडे पाहिलं. कुणीच डबा लपवत नव्हतं.

"दळणच आहे गं," बायडाबाई म्हणाल्या. "आज तरी दळणच आहे."

"मग थांबा इथेच," पूर्वा म्हणाली, "आणि वर जाणाऱ्यांना वाट द्या."